शिंगावर काय कोरायचे?

ठासणीची बंदूक (आपल्या भागात तिला भरमार म्हणतात) आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी गावी पाहिली असेल. तिच्या शेजारी खुंटीला म्हशीचे एक शिंग लटकलेले असायचे, ते मात्र कोणाला आठवत नाही. ते दारूचे शिंग. दारू म्हणजे बंदुकीची, हे आमच्या सी विंगच्या मंडळींसाठी मुद्दाम सांगतो!

साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक, ही झाली काळी दारू. ओल लागली की निकामी, ठिणगी पडली की जीवघेणी. शिंगात पाणी झिरपत नाही, ते गंजत नाही, घासून त्यातून ठिणगी उडत नाही आणि वजनाला हलके. रुंद तोंड लाकडी बुचाने कायमचे बंद करायचे आणि टोकाला भोक पाडून खुंटी बसवायची. त्यातून मापाने दारू नळीत ओतायची, वर चिंधी, गोळी किंवा छर्रे, मग गजाने ठासायचे. तोड्याच्या बंदुकीला कानाशी रंजक, म्हणजे बारीक दारू, वेगळी घालावी लागे. मोगल अमदानीतल्या हरणाच्या डोक्याच्या आकाराच्या हस्तिदंती रंजकदाण्या आज परदेशातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. आपल्याकडचे शिंग गरिबाचे आणि काळे.

अमेरिकेत मात्र याच वस्तूचा इतिहास झाला. 1754 ते 1763 मध्ये तिथे इंग्रज आणि फ्रेंच लढले. त्या काळातल्या सैनिकांनी पांढुरक्या शिंगांवर आपले नाव, साल, किल्ल्यांची चित्रे, नद्यांचे नकाशेसुद्धा कोरले. अशा शिंगांना आज संग्राहक मोठी किंमत देतात, आणि म्हणूनच जुन्या शिंगावर नवे कोरीवकाम करून विकणारेही निघाले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. 26-27 नोव्हेंबर 1817 ला नागपूरला सीताबर्डीची लढाई झाली. आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. पुढच्याच वर्षी कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठले. कामठा इंग्रजी फौजेने जिंकला आणि त्यांची जमीनदारी गेली. गोंदियापासून इतक्या जवळ झालेली ही लढाई आपल्या मुलांना माहीत नाही, याचे मला वाईट वाटते.

आमचे मूळ गाव कामठ्याकडचे. घरातले शिंग त्याच लढाईतले, असे आमच्याकडे तीन पिढ्या सांगत आले. मी बँकेत तारणाचे कागद तपासण्यात उमर घालवली, त्यामुळे आधी साल जुळवून पाहतो. या शिंगाच्या पट्ट्याला टोप्या ठेवायची पितळी डबी शिवलेली आहे. टोपीच्या बंदुका आपल्याकडे आल्या त्या 1818 च्या बऱ्याच नंतर. पट्टा मागून बदलला असेल, असे आमचे काका म्हणत. पण शिवण आणि शिंगावरचा पट्ट्याचा घासा दोन्ही एकाच वयाचे दिसतात. फौजा तर त्याआधीच कागदी काडतुसांकडे वळल्या होत्या. शिंग राहिले ते शिकाऱ्याकडे आणि धान राखणाऱ्याकडे. 1878 च्या हत्यार कायद्यानंतर बंदुकीला परवाना लागू लागला, तरी पीक राखायला ती गावोगाव होतीच.

गावचे घर मोडताना जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला होता. शिंग पाहून म्हणाला, "साहेब, असं दिलं तर काहीच नाही. यावर मोडीत दोन ओळी आणि शके 1740 कोरून घेतो, मग बघा." शके 1740 म्हणजे 1818. हिशेब त्याचा पक्का होता! माझा मुलगा म्हणाला, "बाबा, नाहीतरी आपल्याकडे सांगतातच ना तसं?" सांगणे वेगळे आणि कोरणे वेगळे, एवढेच मी त्याला म्हटले. त्या दिवशी घरात जरा वाद झाला. चिमणा पटेलांची लढाई खरी आहे, तिला माझ्या शिंगाचा खोटा दाखला कशाला?

कोणाच्या माळ्यावर असे काही असेल तर भंगारात देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून ठेवा. शिंग म्हशीचे असेल तर हरकत नाही. हरणाचे, गव्याचे किंवा हस्तिदंत असेल तर 1972 चा वन्यजीव कायदा लागतो, आणि बंदूक सोबत असेल तर परवाना हवाच.

आमच्या शिंगावर सात आडव्या रेघा आहेत, चाकूने ओढलेल्या. वडील सांगत, आजोबांनी धानाच्या बांधीत मारलेल्या सात रानडुकरांच्या त्या. शिंग आता हॉलमधल्या शोकेसमध्ये आहे. पाहायचे असेल त्यांनी संध्याकाळी यावे. आत दारू नाही, पण खुंटी काढली की गंधकाचा वास अजून येतो.