दिनविशेष : २९ नोव्हेंबर
अडगावची लढाई (१८०३)

कारंजा लाडच्या सातबाऱ्याचा इतिहास फिरला तो अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या शिवारात, आजच्या दिवशी. इंग्रजांनी असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांना हरवून दोन महिने झाले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लढणाऱ्या आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा एकत्र आल्या आणि दिवस कलताना लढाईला तोंड लागले. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचे नेतृत्व व्यंकोजी भोसल्यांकडे होते. त्यांच्या तोफा सुरू होताच, असईला न डगमगलेल्या कंपनीच्या काही पलटणी उधळल्या; खुद्द वेलस्लीने त्यांना आवरून पुन्हा उभे केले. चांदण्यात भोसल्यांच्या फौजेचा पाठलाग झाला, तिच्या ३८ तोफा गेल्या. आणखी तासभर उजेड हवा होता, ही वेलस्लीची हळहळ!

१५ डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड किल्ला पडला, १७ ला भोसले आणि इंग्रजांत देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड, म्हणजे आपला कारंजाही, निजामाकडे गेला आणि महसुलातली निजाम-भोसल्यांची जुनी दुअंमली संपली. १८५३ मध्ये तोच वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला.

या लढाईचे एक स्मारक खिशात मावणारे आहे. १८५१ मध्ये इंग्लंडने ‘आर्मी ऑफ इंडिया’ हे चांदीचे पदक मंजूर केले. त्याच्या फितीवर ‘अर्गाम’ (म्हणजे अडगाव) अशी पट्टी, कडेवर सैनिकाचे नाव. पदक मिळणार फक्त हयात असलेल्यांना. तेही ४८ वर्षांनी. भोसल्यांच्या बाजूने पडलेल्यांची नावे कोणत्याच कडेवर नाहीत.