एका टनाचा हिशेब

भाताच्या खाचरातून निघणारा मिथेन आणि मोटारीच्या नळीतून निघणारा धूर एकाच तागडीत तोलावा काय? 1991 साली अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीहून हा प्रश्न विचारला. आदल्याच वर्षी अमेरिकेतील एका संस्थेने देशोदेशींच्या वायूंचा हिशेब मांडून भारत आणि चीन यांनाही मोठ्या दोषींत बसवलं होतं. या दोघांचं म्हणणं असं, की एकाचा वायू पोटासाठी निघतो, दुसऱ्याचा चैनीसाठी. दोघांना एकच दंड लावणं हा न्याय नव्हे. कार्बन क्रेडिटचा इतिहास पाहताना हा प्रश्न हाताशी ठेवावा लागतो.

क्रेडिट म्हणजे काय? एक टन कार्बन डाय-ऑक्साइड, किंवा तितकीच उष्णता कोंडणारा दुसरा वायू, हवेत जाण्यापासून वाचवल्याचं प्रमाणपत्र. 1997 साली जपानमधल्या क्योटो शहरी करार झाला आणि 2005 च्या फेब्रुवारीत तो अमलात आला. श्रीमंत देशांनी आपले वायू कमी करावेत, असं त्यात ठरलं. पण एक सवलतही होती. घरी हे काम महाग पडत असेल, तर गरीब देशांत ते करवून घ्यावं आणि प्रमाणपत्र आपल्या खाती जमा करावं. हवा सगळ्यांची एकच. टन इथं वाचला काय नि तिथं वाचला काय! युक्तिवाद बिनतोड वाटतो, नाही का?

मग घडलं काय? थंडाव्याच्या यंत्रांत लागणारा एक वायू बनवताना एचएफसी-23 हा टाकाऊ वायू निघतो. त्याचा एक टन कार्बन डाय-ऑक्साइडच्या 11,700 टनांबरोबर धरला जाई. तो जाळायला खर्च थोडा, क्रेडिटं मात्र ढीगभर. चीन-भारतातल्या मोजक्या कारखान्यांकडे क्रेडिटांचा मोठा वाटा गेला. क्रेडिटांच्या लोभानं हा वायू जास्त काढला जातो, असा आक्षेप 2010 साली जोरानं पुढे आला. अखेर मे 2013 पासून युरोपीय संघानं ही क्रेडिटं आपल्या बाजारात घेणं बंद केलं. वायू जळला, हे खरं. पण चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या बाईच्या पदरात त्यातून काय पडलं?

याला दुसरी बाजूही आहे. केनियाच्या दक्षिण किनाऱ्यावर गाझी नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथली सुमारे 117 हेक्टर खारफुटी गावकरी राखतात. 2013 पासून त्या खारफुटीनं शोषलेल्या कार्बनची क्रेडिटं विकली जातात. व्यवहार लहानसाच, वर्षाला तीन हजार टनांच्या आसपास. पण पैसा कशावर खर्चायचा, हे गाव बसून ठरवतं. त्यातून पिण्याच्या पाण्याची सोय झाली, शाळेला पुस्तकं मिळाली.

कारखान्यातला टन आणि गाझीचा टन कागदावर सारखेच. फरक एवढाच, की एका ठिकाणी वाचवणाऱ्याला हिशेबात जागा आहे. 2015 च्या पॅरिस करारानं हा बाजार नव्यानं मांडला आणि 2021 साली ग्लासगोला त्याचे नियम ठरले. यापुढेही प्रमाणपत्रं निघतील, विकली जातील. त्यांवर टनाचा आकडा छापलेला असेलच. हा टन कुणाच्या रानातून आला आणि त्याचे पैसे कुणाच्या घरी गेले, हे मात्र आपल्यालाच विचारावं लागेल.