थोरलीच्या मांडवात

लग्न झालं तेव्हा तू केवढी होतीस, असं आजीला विचारलं की ती म्हणायची, "थोरलीच्या मांडवात उरकलं." तिला वय माहीत नव्हतं, मांडव माहीत होता. पंगत एक, वाजंत्री एक, कर्जही एकच. म्हणून धाकटीलाही हळद लागली.

मुंबईच्या बेहरामजी मलबारींनी १८८४ साली बालविवाहावर टिपण काढलं. त्यावर जोतीराव फुल्यांनी मत कळवलं, की मुलीचं ११ च्या आत आणि मुलाचं १९ च्या आत लग्न होऊ नये, केलं तर आईबापांवर कर बसवावा. ११ ऐकून आज आपण दचकतो, पण त्या काळी एवढं मागणंसुद्धा धाडसाचं होतं. पुढे १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचं वय १४ केलं. तो १ एप्रिल १९३० ला लागू होणार म्हटल्यावर देशात कितीतरी लोकांनी त्याआधीच पोरं उजवून घेतली! मग १९४९ ला १५ आणि १९७८ ला १८.

कायदा सगळ्यांना एकच, घरचा हिशेब मात्र वेगवेगळा. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरात महादेव कोळी समाजात देज द्यायची रीत होती. भाताच्या आवणीला, हिरडा गोळा करायला जाणारी पोर सासरी गेली की माहेरचे दोन हात कमी होतात, म्हणून नवऱ्याकडचे देत. देज जमेपर्यंत मुलगाही थांबायचा. खाली बागायतीत कुकडीचं पाणी आलं, पैसा आला, हुंडाही वाढला. त्याला १९६१ पासून बंदी आहे, पण विचारतो कोण? जास्त शिकली तर तसाच नवरा शोधावा लागेल, त्याचा हुंडा झेपायचा नाही, असं म्हणून बाप दहावीवरच थांबवतो.

नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर कामाला उतरणाऱ्या आईला वेगळाच घोर असतो. वयात आलेली पोर दिवसभर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? आश्रमशाळेत, वसतिगृहात जागा मिळाली तर तो घोर कमी होतो.

मला विचाराल, तर आमच्या वाडीत लग्नाचं वय वाढवलं ते सकाळच्या एसटीने आणि मुलींच्या मोफत पासाने. माझ्या वेळी गाडी फाट्यापर्यंतच यायची. मी नववीनंतर घरी बसले, सतराव्या वर्षी सासरी आले. माझी लेक विशीची आहे, मंचरला कॉलेजला जाते.

पुढच्या मीटिंगला आजीचं, आईचं आणि स्वतःचं लग्नाचं वय लिहून आणा. आठवत नसेल, तर मांडव कुणाचा होता ते लिहा.