पोच्याचे माप : पत्रेकामाच्या कौशल्यस्पर्धेचा मागोवा

अपघातात चेपलेल्या मोटारीचा पत्रा आणि सांगाडा मूळ आकारात आणणे हे ऑटो बॉडी दुरुस्तीचे काम. गॅरेजच्या भाषेत यालाच डेंटिंग म्हणतात आणि ते करणारा तो डेंटर. या कामाची विद्यार्थ्यांमध्ये स्पर्धा लावण्याची कल्पना महाराष्ट्रात फार जुनी नाही. धंदा मात्र मोटारीइतकाच जुना आहे, आणि त्याची मुळे मोटार येण्याच्याही आधीची आहेत.

ही मुळे पाहायला एक गाव घेऊ : वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील, वाशीम-रिसोड मार्गावरचे रिठद. वऱ्हाडातल्या अशा कुठल्याही गावात मोटारीच्या आधी बैलगाडी होती, आणि गाडीमागे सुतार आणि लोहार होते. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवणे हे लोहाराच्या कसबाची परीक्षा पाहणारे काम. चाकापेक्षा किंचित लहान घडवलेली धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, ती फुगली की चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. थंड होताना धाव आवळते आणि आरे, पुठ्ठे एकमेकांत घट्ट बसतात. ताणलेला पत्रा आवळण्यासाठी डेंटर नेमके हेच करतो. मार बसलेल्या जागी पत्रा ताणून पातळ होतो, मग तो दाबला की आत जातो आणि टक्कन बाहेर येतो. अशा जागी रुपयाएवढा ठिपका तापवून तो ओल्या फडक्याने विझवला की पत्रा आवळतो. दोन कामांमध्ये शतकाचे अंतर असेल, तत्त्व एकच आहे.

दुसरे मूळ तांबटांकडे जाते. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी मठारकामासाठी ओळखली जाते. भांड्याच्या आत आधार धरून बाहेरून हातोडीचे ठोके एकाशेजारी एक असे देत जाणे म्हणजे मठारणे. त्यामुळे पत्रा कडक होतो आणि आकार धरतो. डेंटरच्या डाव्या हातातली डॉली हा तोच आधार. फरक इतकाच की तांबटाला ठोक्याची खूण दाखवायची असते, डेंटरला ती पुसायची असते. भांड्याला पडलेल्या खड्ड्याला मराठीत ‘पोचा’ हा नेमका शब्द आहे. गॅरेजने मात्र तो सोडून ‘डेंट’ घेतला.

मोटारी जुळवण्याचा उद्योग मुंबईत १९२८ मध्ये शिवडीला जनरल मोटर्सने सुरू केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला. सार्वजनिक वाहतुकीत १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. तिचा सांगाडा लाकडी होता. त्या काळी बस बांधणारा माणूस अर्धा सुतार असे. पुढे एसटीने दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या केल्या आणि बसचे सांगाडे तिथे बांधले जाऊ लागले. वाशीम आणि रिसोडची आगारे एसटीच्या अकोला विभागात येतात. विभागीय कार्यशाळेत मोटार मेकॅनिकबरोबर शीट मेटल, वेल्डर, पेंटर अशा शिकाऊ उमेदवारांच्याही जागा असतात. सरकारी छताखाली पत्रेकाम शिकण्याची वऱ्हाडी मुलांसाठी ही एक खरी वाट होती.

बाकी सारा धंदा उस्तादाच्या हाताखाली शिकला गेला. पोरगा आधी गाड्या पुसायचा, मग कानस मारायचा, मग पुट्टी घासायचा. हातोडी हातात यायला वर्षे लागत. उस्ताद पत्र्यावरून डोळे मिटून तळहात फिरवी आणि कुठे उंच, कुठे खोल ते सांगे. हे ज्ञान पक्के होते, पण त्याला आकडा नव्हता. इथेच स्पर्धेची अडचण सुरू होते. स्पर्धेला दोन कामांतला फरक तिसऱ्याला पटेल अशा रीतीने सांगता यावा लागतो. तळहाताच्या निकालावर हरलेला उमेदवार कधीच समाधानी होणार नाही.

सरकारी प्रशिक्षणाचा ढाचा निराळ्या दिशेने वाढला. केंद्र सरकारची शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली, राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद १९५६ मध्ये आली आणि शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ मध्ये झाला. आयटीआयच्या प्रशिक्षणार्थींसाठी अखिल भारतीय कौशल्य स्पर्धा १९६४ पासून घेतली जाऊ लागली. पुढे ती १५ व्यवसायांत होत असे. त्यांत फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होते, मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकही होते. डेंटर नव्हता. कारण उघड आहे. फिटरला आराखडा देता येतो, त्याने घासलेला तुकडा मायक्रोमीटरखाली धरता येतो आणि गुण लिहिता येतात. पोचा काढण्याला आराखडा नसतो. शिवाय प्रत्येक उमेदवाराला सारखाच चेपलेला दरवाजा द्यायचा तर तो आधी सारखाच चेपावा लागतो, आणि हे काम वाटते तितके सोपे नाही.

मोटारीच्या सांगाड्याभोवती विद्यार्थ्यांची स्पर्धा उभी करण्याचा जुना प्रयोग अमेरिकेत झाला. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये मुलांसाठी कारागीर संघ काढला. सुरुवातीला नेपोलियनकालीन शाही बग्गीची छोटी प्रतिकृती बनवायची असे, नंतर नव्या मोटारीची प्रतिकृती आली. बक्षीस म्हणून शिष्यवृत्त्या मिळत. हा उपक्रम १९६८ पर्यंत चालला. त्यात घडवणे होते, दुरुस्ती नव्हती. तरी सांगाडा बनवणाऱ्या हाताला विद्यार्थ्यांत मान मिळावा हा हेतू तिथे स्पष्ट दिसतो.

आजच्या जागतिक स्पर्धेचा उगम स्पेनमधला आहे. तिथल्या युवक संघटनेचे प्रमुख होसे आंतोनियो एलोला ओलासो यांनी १९४६ मध्ये कल्पना मांडली आणि १९४७ मध्ये देशांतर्गत स्पर्धा झाली. १९५० मध्ये माद्रिदला स्पेन आणि पोर्तुगालचे प्रत्येकी १२ उमेदवार समोरासमोर आले. १९५३ पासून इतर देश येऊ लागले आणि त्यातून ‘वर्ल्डस्किल्स’ वाढली. ऑटो बॉडी दुरुस्ती हा तिथला १३ क्रमांकाचा विभाग आहे. मोटार रंगकाम हा वेगळा विभाग असून त्याचा क्रमांक ३६ आहे. भारतीय गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग हा शब्द एका दमात उच्चारला जातो, जागतिक स्पर्धेने मात्र दोन्ही कामे तोडली आहेत. हे योग्यच आहे. रंगाखाली पुट्टीचा थर देऊन कच्चे डेंटिंग झाकण्याची सोय त्यामुळे उरत नाही.

स्पर्धा शक्य झाली ती मोटारच बदलल्यामुळे. जीपसारख्या गाडीला वेगळी चासी असे, वरचा सांगाडा ठोकून सरळ केला की काम भागे. फियाट आणि अँबॅसिडर यांचा सांगाडा एकसंध होता, पण पत्रा जाड आणि सहनशील होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्या मागोमाग हलक्या, पातळ पत्र्याच्या गाड्या आल्या. एकसंध सांगाड्यात पुढचा एक बिंदू काही मिलिमीटर सरकला तर चाकांचा कोन बिघडतो, दार लागत नाही, टायर एका बाजूने झिजतो. पुढे जास्त ताकदीचे पोलाद आले. ते गॅसच्या ज्योतीने तापवले तर त्याची ताकदच जाते, म्हणजे जुन्या उस्तादाचे हुकमी हत्यार निकामी ठरते. गाडी बाकावर बांधून साखळीने ओढायची, कंपनीच्या तक्त्यातल्या बिंदूंशी ताडून पाहायची आणि बिघडलेला भाग कापून स्पॉट वेल्डिंगने नवा बसवायचा, अशी कामाची नवी रीत आली. या रीतीने धंद्याला प्रथमच आकडा दिला, आणि आकडा आला तेव्हा परीक्षकही आला.

प्रशिक्षणातही त्याचे प्रतिबिंब पडले. आयटीआयच्या व्यवसायांच्या यादीत ऑटो बॉडी दुरुस्ती आणि ऑटो बॉडी रंगकाम असे एकेक वर्षाचे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आले. मोटार उद्योगासाठी वेगळी कौशल्य विकास परिषद वाहन उत्पादक, सुटे भाग उत्पादक आणि विक्रेते यांच्या संघटनांच्या पुढाकाराने स्थापन झाली. भारत वर्ल्डस्किल्सचा सदस्य २००६ मध्ये झाला आणि २००७ मध्ये जपानमधील शिझुओका येथे प्रथम उतरला. २०११ च्या लंडन स्पर्धेपासून राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ भारतीय चमूची जबाबदारी घेते. चमू निवडण्यासाठी ‘इंडियास्किल्स’ ही देशांतर्गत स्पर्धा दर दोन वर्षांनी होते. महामारीमुळे रेंगाळलेली २०२१ ची अंतिम फेरी जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीत पार पडली. तीत ओडिशाने ५१ पदके मिळवली आणि महाराष्ट्र ३० पदकांसह दुसरा आला. २०२४ ची फेरी १५ ते १९ मे दरम्यान द्वारकेच्या यशोभूमी केंद्रात ६१ कौशल्यांत झाली.

अशी स्पर्धा चालवणे हे स्पर्धेत उतरण्याइतकेच अवघड आहे. ऑटो बॉडीच्या विभागाला कार्यशाळेइतकी जागा, मोठा विद्युत्‌भार, दाबाखालची हवा आणि धूर ओढून घेणारी यंत्रणा लागते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्डिंगखाली आला की त्याचा धूर छातीत जातो, म्हणून मुखवट्याशिवाय उमेदवाराला जागेवर उभे राहू देत नाहीत. कानांत बोळे, पायांत पोलादी टोपीचे बूट, डोळ्यांना चष्मा यांतले काही चुकले तर त्याचेही गुण जातात. रस्त्याकडेच्या गॅरेजात रबरी चपलेवर ग्राइंडर चालवणाऱ्या मुलाला ही पहिली शिस्त सर्वांत जड जाते.

उमेदवार आदल्या दिवशी आपली जागा आणि यंत्रे हाताळून पाहतो. त्याची हत्यारपेटी उघडून तपासली जाते. प्रश्न आधी जाहीर झालेला असला तरी स्पर्धेच्या तोंडावर त्याचा सुमारे ३० टक्के भाग बदलायचा, असा जागतिक स्पर्धेचा प्रघात आहे. घोकून आलेल्यांना अडवण्याची ही साधी युक्ती. काम चार दिवसांत विभागलेले असते आणि त्याचे तुकडे वेगवेगळे तपासले जातात. सांगाड्याचे माप घेऊन बिघाड ओळखणे, तो ओढून जागेवर आणणे, वेल्ड केलेला भाग काढून नवा बसवणे आणि पत्र्यावरचा पोचा काढणे ही त्यातली मुख्य कामे.

शेवटचे काम सर्वांत रंगतदार, कारण उस्तादी अजून तिथेच उरली आहे. पत्रा हातोडी आणि डॉलीने इतका सपाट आणावा लागतो की पुट्टी लागूच नये. कानस फिरवली की उंच जागा चकाकते आणि खोल जागा काळी राहते. घाईत उंच जागा घासून काढली तर पत्रा पातळ होतो, आणि परीक्षक जाडी मोजून ते पकडतो.

गुण एकूण १००. काही मोजून दिले जातात : अंतर इतके मिलिमीटर, स्पॉट इतके, छिद्रे भरली की नाही. काही पाहून दिले जातात. त्यासाठी तीन परीक्षक शून्य ते तीनपैकी आपला अंक एकाच वेळी वर धरतात. दोघांच्या अंकात एकाहून जास्त फरक पडला तर चर्चा करून पुन्हा गुण द्यावे लागतात. आपल्याच देशाच्या उमेदवाराला झुकते माप मिळू नये म्हणूनही नियम आहेत. तळहाताचा निकाल इथे अखेर कागदावर उतरला, तोही एकाचा नव्हे तर तिघांचा.

खर्चाचा प्रश्न या विभागात नेहमी आडवा येतो. सुतारकामाच्या स्पर्धेला लाकूड पुरते, इथे प्रत्येक उमेदवारामागे नवे सुटे भाग, कधी अख्खा सांगाडा खराब करावा लागतो. वाहन कंपन्यांनी माल दिल्याशिवाय स्पर्धा उभी राहत नाही. म्हणूनच सराव मोठ्या शहरांत आणि कंपन्यांच्या केंद्रांत एकवटतो. चाकण किंवा पिंपरीच्या मुलाला माप घेणारा बाक रोज दिसतो, वाशीमकडच्या मुलाला तो बहुधा स्पर्धेच्या मांडवातच प्रथम दिसतो. हा अन्याय नियमात लिहिलेला नाही, भूगोलात आहे.

रिठदहून या स्पर्धेची वाट अशी : नोंदणी ऑनलाइन, मग जिल्हा वाशीम, विभाग अमरावती, त्यापुढे राज्य आणि शेवटी राष्ट्रीय फेरी. वाशीम हा मागास जिल्ह्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्हे कार्यक्रमात २०१८ मध्ये घेतलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी एक आहे, आणि कौशल्य विकास हा त्या कार्यक्रमाचा एक घोषित विषय. दरम्यान जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. शेतात ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या आधीपासून आहेतच. पत्रा ठोकणाऱ्या हाताला इथे काम कमी पडणार नाही.

पुढची जागतिक स्पर्धा सप्टेंबर २०२६ मध्ये शांघायला ठरली आहे. ऑटो बॉडीच्या उमेदवाराचे वय स्पर्धेच्या वर्षी २२ पेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे तो १ जानेवारी २००४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला असला पाहिजे. शिक्षणाच्या प्रमाणपत्राची अट नाही.