पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४

पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ हा रस्ते, पदपथ व अन्य सार्वजनिक जागी माल विकणाऱ्या किंवा सेवा पुरविणाऱ्या व्यक्तींना वैधानिक संरक्षण देणारा भारतीय संसदेचा कायदा आहे. त्यास ४ मार्च २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली व १ मे २०१४ पासून तो अमलात आला. एका जागी पथारी मांडणारे, हातगाडीवाले आणि डोक्यावर पाटी घेऊन फिरणारे असे सर्व विक्रेते त्याच्या कक्षेत येतात. रेल्वेच्या जागा व गाड्या मात्र येत नाहीत. नावात संरक्षण आधी आणि विनियमन नंतर आहे, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

पार्श्वभूमी

पूर्वी फेरीवाल्यांचे नियमन मुख्यतः महापालिका व पोलीस यांच्या कायद्यांनुसार होई. या कायद्यांच्या लेखी विनापरवाना विक्रेता हा रहदारीतील अडथळाच होता. सोदान सिंग खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरील विक्री हा संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(छ) खालील व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला. अर्थात वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून. पुढे गैंदा राम खटल्यात (२०१०) न्यायालयाने यासाठी स्वतंत्र कायदा करण्यास सांगितले.

प्रमुख तरतुदी

कायद्याचा गाभा कलम ३ मध्ये आहे. नगर पथविक्रेता समितीने दर पाच वर्षांतून किमान एकदा पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करावयाचे असते. ते पूर्ण होऊन सर्वांना विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटविता येत नाही. म्हणजे प्रशासनाच्या दिरंगाईचा तोटा विक्रेत्यास होऊ नये, अशी ही रचना आहे.

नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत व त्यांत एकतृतीयांश महिला असाव्यात, असे बंधन आहे. स्थलांतरासाठी ३० दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केल्यास त्याची यादी देणे आवश्यक आहे. विक्रेत्याने मागणी करून विहित शुल्क भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी व इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. पालेभाजी विकणाऱ्या बाईच्या दृष्टीने ‘त्याच दिवशी’ या शब्दांना मोल आहे, कारण दुसऱ्या दिवशी परत मिळालेली मेथी कोणी घेत नाही.

अंमलबजावणी

प्रत्यक्षात अनेक शहरांत सर्वेक्षणे व समित्यांच्या निवडणुका रेंगाळल्या. त्यामुळे प्रमाणपत्र नसलेला विक्रेता अनधिकृत ठरवून हटविला जातो, हे कायद्याच्या हेतूच्या नेमके उलट आहे. मुंबईत २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीनंतर या प्रश्नावर मोठा वाद झाला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरपर्यंत विक्रीस मनाई कायम ठेवली. पादचाऱ्यांची सुरक्षितता हा रास्त मुद्दा आहे. परंतु फेरीवाल्यांचे गिऱ्हाईकही बहुतांशी स्थानकांभोवतीच असते.

विक्रीची जागा जुनी असल्याचे दाखविण्यासाठी अनेक विक्रेते महापालिकेने केलेल्या दंडाच्या पावत्या वर्षानुवर्षे जपून ठेवतात.