नांगराबरोबर आलेलं मासिक

आमचा पुण्यातला भाचा जाहिरातीच्या धंद्यात आहे. परवा फोनवर सांगत होता, "मामा, आता नुसत्या जाहिराती कोणी बघत नाही. गिऱ्हाइकाला आधी काहीतरी उपयोगाचं वाचायला द्यायचं, माल मागाहून." मी म्हटलं, अरे, हे आमच्या सांगली जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी झालंय!

मंडळी, मी 'किर्लोस्कर' मासिकाबद्दल बोलतोय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावर त्याचे जुने अंक असतील. पण ते मुळात एका कारखान्याचं पत्रक होतं, हे किती जणांना ठाऊक असेल?

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. पुढे बेळगावात त्यांनी सायकली विकल्या, मग कडबा कापायचं यंत्र केलं आणि त्यानंतर लोखंडी नांगर. हा नांगर खपेना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आता या समजुतीपुढे जाहिरात काय करणार? 'आमचा नांगर उत्तम' असं कितीही मोठ्या अक्षरात छापलं, तरी ज्याला लोखंडाचीच भीती आहे तो ते वाचून बैल जुंपणार आहे थोडाच! मास्तरकी केलेल्या माणसाला हे लगेच कळतं. मुलाच्या डोक्यात चुकीचं गणित बसलेलं असेल, तर बरोबर उत्तर फळ्यावर लिहून भागत नाही, आधी त्याच्या मनातलं काढावं लागतं.

१९१० साली औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव, म्हणजे आपले 'शंवाकि'. हा माणूस चित्रकार, आणि कारखान्याच्या मालाची प्रसिद्धीही तोच बघायचा. कल्पना अशी की कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत, व्यापाऱ्यांपर्यंत महिन्याच्या महिन्याला जावी.

तशी ही कल्पना जगावेगळी नव्हती. अमेरिकेत जॉन डिअर या नांगरवाल्याच नावाच्या कंपनीनं १८९५ सालीच शेतकऱ्यांसाठी 'द फरो' नावाचं पत्र सुरू केलं होतं. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायरवाल्यांनी १९०० साली मोटारवाल्यांना प्रवासाची मार्गदर्शिका फुकट वाटली. लोक फिरले की टायर झिजतील, हा हिशेब! असो.

आपल्याकडे मात्र वेगळंच घडलं. पत्रकाचं पुढे चांगलं जाडजूड मासिक झालं, नावातली 'खबर' गळाली, आणि नांगर-पंप मागे पडून कथा, उद्योगी माणसांची चरित्रं, विज्ञान, समाजसुधारणा हे विषय पुढे आले. १९३० साली बायकांसाठी 'स्त्री' निघालं, १९३४ साली तरुणांसाठी 'मनोहर'.

आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. व्यापाऱ्याचा पहिला नियम काय? गिऱ्हाईक दुखवू नये. आणि हे मासिक तर रूढींवर उघड कोरडे ओढत होतं. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे पोथीनिष्ठेवर तुटून पडणारे लेख तीसच्या दशकात याच मासिकात आले. नांगर घेणारा शेतकरी आणि तो विकणारा दुकानदार काय नास्तिक होते? त्यांच्यापुढे हे छापायचं म्हणजे धंद्याच्या दृष्टीनं आतबट्ट्याचाच व्यवहार. पण शंवाकि डगमगले नाहीत. आजचे प्रसिद्धीवाले गिऱ्हाइकाला आवडेल तेच लिहितात. भाच्याला मी हेच विचारलं, तर म्हणाला, "मामा, आमचा क्लायंट दुसऱ्या दिवशी काढून टाकेल."

अर्थात सगळी समाजसेवाच होती असं मी म्हणणार नाही. अंक उघडला की किर्लोस्कर हे नाव घरात येत होतंच, आणि घरात आलेल्या नावाचा पंप घ्यायला माणूस बिचकत नाही. पण वाचणाऱ्याला काही विकत घ्यायची सक्ती नव्हती. आमच्या घरी गुंठाभर जमीन नव्हती, नांगराशी संबंध शून्य, तरी 'स्त्री'चा अंक आला की आई आणि शेजारच्या काकू आधी कोण वाचणार यावरून भांडत.

'स्त्री'च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी पुढे १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' हे स्वतःचं मासिक काढलं. त्यामागे ना कुठला कारखाना होता, ना विकायला नांगर.