कोंबडीचे कुलूप, सिंहाचे कुलूप

फेब्रुवारी-मार्च २०२० मधली गोष्ट आठवून पाहा. कोंबडी खाल्ली की कोरोना होतो, अशी आवई उठली आणि महाराष्ट्रभर कोंबडीचे भाव कोसळले. काही व्यावसायिकांनी पिल्ले आणि अंडी नष्ट केली. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोदसारख्या भागात खुराड्यातल्या चार कोंबड्या म्हणजे घरच्या बाईचा अडीनडीचा पैसा. तोही त्या अफवेने हिरावला.

गंमत अशी, की कोंबडीला कोरोना विषाणूचा रोग होतो, ही गोष्ट खरीच आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात शाल्क आणि हॉन यांनी १९३१ साली पिल्लांचा श्वासाचा एक नवा रोग नोंदवला. पक्षी घरघरतात, अंडी वेडीवाकडी आणि मऊ कवचाची येतात. त्या विषाणूच्या अंगावरचे काटे सूक्ष्मदर्शकाखाली प्रभामंडळासारखे दिसले, म्हणून १९६८ मध्ये या कुळाला ‘कोरोना’ हे नाव मिळाले.

तो काटा म्हणजेच विषाणूची किल्ली. पेशीच्या पृष्ठभागावरचा ठरावीक रेणू हे तिचे कुलूप. काट्याचा एक भाग त्या रेणूला घट्ट धरतो. मग पेशीचीच विकरे काट्याला छेद देतात, दुसरा भाग मोकळा होतो आणि विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणाला जोडतो. चोराला घरातल्याच माणसाने कडी काढून द्यावी, तसे हे.

कुलपे प्राण्यागणिक वेगळी. उंदराच्या यकृताला ग्रासणाऱ्या विषाणूचे कुलूप १९९१ मध्ये ओळखले गेले, डुकराच्या हगवणीच्या विषाणूचे १९९२ मध्ये. या डुकराच्या विषाणूची कथा तर बोधप्रद आहे. १९८४ मध्ये बेल्जियममध्ये त्याचाच एक भाऊबंद सापडला. त्याच्या काट्याचा एक मोठा तुकडा गळाला होता. तेवढ्याने आतड्याचा रोग फुप्फुसाचा झाला!

माणसातल्या सार्सचे कुलूप, ‘एसीई-२’ नावाचे प्रथिन, २००३ मध्ये सापडले. कोविडचा विषाणूही तेच कुलूप उघडतो. कोंबडीतही हे प्रथिन असते, पण त्याची घडण निराळी; किल्ली तिथे बसत नाही. चीन आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्येच कोंबड्यांना मुद्दाम हा विषाणू दिला, तरी त्यांना लागण झाली नाही. मांजरकुळाचे कुलूप मात्र माणसाच्या जवळचे. म्हणून मे २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातले आठ सिंह बाधित निघाले.

म्हणजे निर्धास्त राहावे का? तसेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला २०२० मध्ये केरळ, तामिळनाडू, पुदुच्चेरी आणि हिमाचलमधल्या वटवाघळांत कोरोना विषाणू आढळले. ते कोविडचे नव्हते. पण किल्ली घासत घासत नव्या कुलपाला बसू शकते. सार्समध्ये उदमांजराकडून माणसाकडे येताना काट्यात झालेले मोजकेच बदल पुरेसे ठरले.

म्हणून लक्ष ठेवायचे ते किल्लीवर. कोंबड्या घरघरू लागल्या, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. त्यांच्या रोगावर लस आहे. अफवेला मात्र कुठलेच कुलूप अडवत नाही. तिच्यासाठी दार आपणच लावून घ्यायचे असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)